आई भारतीय, वडील अमेरिकन: बाळाचा पहिला पासपोर्ट कोणत्या देशाचा?

प्रश्न असा आहे: आई भारतीय नागरिक, वडील अमेरिकन नागरिक, बाळंतपण दोन-तीन महिन्यांवर आलेलं. जन्म पुण्यात होईल की अमेरिकेत हे अजून नक्की नाही. बाळाला दोन्ही देशांचं नागरिकत्व आणि दोन्ही पासपोर्ट कसे मिळवायचे?

दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी बाळगता येणार नाहीत. अमेरिकेची हरकत नाही, भारताची आहे. मात्र नागरिकत्व, नागरिकत्वाचा दाखला आणि पासपोर्ट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोटाळे होतात ते यांची गल्लत केल्यामुळे. नागरिकत्व बहुतेक वेळा जन्माच्या क्षणी कायद्यानेच मिळतं, त्यासाठी कुणी अर्ज केलेला नसतो. दाखला नंतर काढायचा असतो. पासपोर्ट मात्र मागावा लागतो, आणि भारत सरकार नेमकं त्या मागण्यावर बोट ठेवतं. परदेशी पासपोर्ट घेतला, की ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा झाला, असं नागरिकत्व नियमांत म्हटलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हा नियम वैध ठरवला. दुधपितं बाळ स्वेच्छेने काय घेणार, असा युक्तिवाद वकिलाला जरूर करता येतो. विमानतळावरच्या इमिग्रेशन काउंटरवर तो चालत नाही. त्यामुळे पहिला पासपोर्ट कोणता काढायचा हे बाळ यायच्या आधी ठरवा. बाकी सगळं त्यावरून ठरत जातं.

जन्म भारतात झाला तर

३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ३ नुसार भारतीय ठरतं, पण एका अटीवर: आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक हवा आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा. व्हिसाची मुदत संपूनही भारतात राहिलेली व्यक्ती या व्याख्येत बसते. म्हणून वडील भारतात असतील तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या पुढे निदान महिनाभर त्यांचा व्हिसा चालू हवा. व्हिसा आणि भारतात आल्याचा शिक्का असलेल्या पानांची प्रत जपून ठेवा. वडिलांकडे ओसीआय कार्ड (भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं, आयुष्यभराच्या व्हिसासारखं कार्ड) असेल तर ही काळजी नाही. ते त्या वेळी भारतातच नसतील तरीही नाही.

अमेरिकेच्या बाजूने याच बाळाला वडिलांकडून नागरिकत्व मिळतं का, हे मात्र तपासावं लागतं. वडिलांचा पासपोर्ट अमेरिकन आहे म्हणून मूल अमेरिकन, असं नसतं. एक पालक अमेरिकन, दुसरा परदेशी आणि जन्म अमेरिकेबाहेर असेल, तर अमेरिकन पालकाने बाळाच्या जन्माआधी एकूण ५ वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेली असावी लागतात. त्यातली निदान २ वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची हवीत. ही वर्षं सलग नसली तरी चालतात. वडील आधी शिकायला गेले, मग एच-१बी, ग्रीन कार्ड असे टप्पे पार करून नागरिक झाले असतील तर नागरिक होण्यापूर्वीचा काळही मोजला जातो. बाळ जन्मलं त्या दिवशी मात्र ते नागरिक असलेच पाहिजेत. नागरिकत्वाची शपथ आठवडाभर उशिरा झाली, तर या मार्गाने काही मिळत नाही.

पुरावा कसला द्यायचा, इथं बरीच मंडळी अडकतात. अमेरिकेतलं घर, बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा नुसती कर विवरणपत्रं यांतून माणूस तिथे प्रत्यक्ष हजर होता हे सिद्ध होत नाही. सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे शाळा-कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट, सत्रांच्या तारखांसकट. त्याखालोखाल डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि सोबत नेमणुकीच्या तारखा सांगणारं कंपनीचं पत्र, जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के, आय-९४ ची, म्हणजे परदेशी नागरिक अमेरिकेत आल्या-गेल्याची सरकारी नोंद. वडिलांनी आजच एका कागदावर आल्या-गेल्याच्या तारखांचा तक्ता करायला घ्यावा. जुने पासपोर्ट सापडत नसतील तर ते आता कळलेलं बरं.

पुरावा पुरेसा असेल तर सीआरबीए, म्हणजे परदेशात जन्मलेल्या अमेरिकन नागरिकाचा जन्म-अहवाल, काढता येतो. डीएस-२०२९ हा अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्क १०० डॉलर, आणि मग बाळाला घेऊन वकिलातीत मुलाखतीला जायचं. महाराष्ट्रातल्या लोकांना मुंबईची वकिलात. बाळ सोबत लागतंच. बाळाच्या मूळ जन्मदाखल्याबरोबर आई-वडिलांचा विवाह दाखला, आधीचं लग्न झालं असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा, आणि रुग्णालयाची कागदपत्रं न्यायची. गरोदरपणातले सोनोग्राफीचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड फेकू नका. बाळ तुमचंच आहे याबद्दल शंका विचारली गेली तर तेच कामी येतात. वडील येऊ शकत नसतील तर त्यांनी डीएस-५५०७ हे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर सही करून पाठवायचं.

सीआरबीए आणि अमेरिकन पासपोर्ट यांचे अर्ज बहुतेक जण एकाच भेटीत देऊन टाकतात, सोयीचं पडतं म्हणून. पण दोन्ही एकत्रच करायला हवेत असं नाही, आणि पुढची काही वर्षं भारतात राहणाऱ्या कुटुंबाने ते एकत्र करूही नयेत. सीआरबीए हा पासपोर्ट नव्हे, जन्मतः मिळालेल्या नागरिकत्वाची ती नोंद आहे. बाळाकडे भारतीय पासपोर्ट असावा, सीआरबीए कपाटात असावा आणि अमेरिकन पासपोर्ट काढलेलाच नसावा, ही स्थिती भारतात राहणाऱ्यांसाठी कायद्याच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ आहे. सीआरबीएचा अर्ज १८ वर्षं पूर्ण होण्याआधी कधीही करता येतो, पण पुरावे जुने होण्याआधी केलेला बरा.

या व्यवस्थेची मर्यादाही ठाऊक असू द्या. अमेरिकन नागरिकाला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही आणि अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरावा लागतो. आजी-आजोबांना भेटायला बाळाला तिकडे न्यायचं ठरलं, की अमेरिकन पासपोर्ट काढणं आलं आणि भारतीय पासपोर्ट परत करणं आलं. वर्षभरात तिकडे जायचंच असेल तर भारतीय पासपोर्टच्या भानगडीत न पडता सरळ अमेरिकन पासपोर्ट आणि मागोमाग ओसीआय, हाच रस्ता धरा.

भारतात जन्मलेल्या बाळाचा थेट अमेरिकन पासपोर्ट काढला तर त्यावर भारताचा व्हिसा नसतो, प्रवेशाचा शिक्काही नसतो. बाळ या देशात आलं कसं, हा प्रश्न संगणकाला पडतोच! त्यासाठी तिकिटं काढण्याआधी ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करून देश सोडण्याची परवानगी घ्यावी लागते. आधी भारतीय पासपोर्ट निघालेला असेल तर तो रीतसर जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं. पुढे ओसीआयच्या अर्जाला ते लागतं. एका खिशात एक, दुसऱ्या खिशात दुसरा असा प्रवास करणारी कुटुंबं आहेत, पण परदेशी नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्ट वापरणं हा पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. अर्जावर सह्या बाळाच्या नसतात, तुमच्या असतात.

जन्म अमेरिकेत झाला तर

अमेरिकेच्या बाजूने सोपं आहे. वडील नागरिक, जन्म तिथला, नागरिकत्वाचा वाद नाही. रुग्णालयातून सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज जन्मनोंदणीबरोबरच जातो. पासपोर्टसाठी डीएस-११, शुल्क १०० अधिक ३५ डॉलर. आई-वडील दोघांनी बाळाला घेऊन हजर राहायचं. एक जण येऊ शकत नसेल तर त्याची नोटरीसमोर सही केलेली डीएस-३०५३ संमती आणि ओळखपत्राची प्रत जोडायची. १६ वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो.

भारताच्या बाजूने मात्र नागरिकत्व आपोआप मिळत नाही. भारताबाहेर जन्मलेल्या बाळाला कलम ४ नुसार वंशपरंपरेने नागरिकत्व हवं असेल, तर जन्माची नोंद भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत एक वर्षाच्या आत करावी लागते. गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व संकेतस्थळावर फॉर्म १ भरायचा आणि त्यासोबत आई-वडिलांनी घोषणापत्र द्यायचं, की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. घोषणापत्रातला शब्द ‘पासपोर्ट’ हा आहे. अमेरिकन पासपोर्ट आधीच काढला असेल तर हे दार बंद. वर्ष उलटल्यावर नोंदणी होऊ शकते, पण केंद्र सरकारच्या परवानगीने, आणि ती वाट लांबची आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाने हा मार्ग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय पासपोर्टवर बाळ भारतात येईल, पण परत जाताना अडेल. भारतात कायमचं परतायचं ठरलं असेल, तरच तो विचारात घ्या.

एका गटाला मात्र ही नोंदणी टाळून चालणारच नाही. परदेशी पालक काही कारणाने आपलं नागरिकत्व पुढे देऊ शकत नाही आणि जन्माचा देशही देत नाही, असं बाळ. समजा अमेरिकन वडिलांची ५ वर्षं भरत नाहीत आणि बाळाचा जन्म दुबईत झाला. अशा बाळाची भारतीय नोंदणी वर्षाच्या आत झाली नाही, तर ते कुठल्याच देशाचं उरत नाही. जोडीदाराचं नागरिकत्व बाळापर्यंत पोचतं की नाही याबद्दल तिळमात्र शंका असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत भारतीय नोंदणीची मुदत हातची जाऊ देऊ नका.

जोडीदार दुसऱ्या देशाचा असेल तर

प्रत्येक देशाचा सापळा वेगळा. ब्रिटिश पालक स्वतः ब्रिटनबाहेर जन्मून वंशाने नागरिक झालेला असेल तर बाहेर जन्मलेल्या त्याच्या मुलाला सहसा आपोआप नागरिकत्व मिळत नाही. पालकाने सलग ३ वर्षं ब्रिटनमध्ये काढली असतील तर नोंदणीचा मार्ग आहे. जर्मन पालक ३१ डिसेंबर १९९९ नंतर जर्मनीबाहेर जन्मला असेल आणि बाहेरच राहत असेल, तर बाहेर जन्मलेल्या बाळाच्या जन्मनोंदीचा अर्ज एक वर्षाच्या आत जर्मन अधिकाऱ्यांकडे पोचायला हवा. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मोकळं केलं, पण त्यामुळे भारताचा नियम बदललेला नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जपानची मुदत सर्वांत कडक: जपानबाहेर जन्मून दुसरंही नागरिकत्व मिळालेल्या बाळाची जन्मनोंद आणि नागरिकत्व राखून ठेवण्याची घोषणा ३ महिन्यांच्या आत, नाहीतर जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं. ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेल्या बाळाला वंशाने नागरिकत्व मिळतं ते अर्ज मंजूर झाल्यावर, आपोआप नाही. त्यामुळे पासपोर्टच्या आधी तो टप्पा धरा.

कागद कुठे अडतात

भारतातली जन्मनोंदणी २१ दिवसांत विनाशुल्क होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी भारतीय पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. बारसं व्हायचंय म्हणून नावाची जागा कोरी ठेवून दाखला काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तसा दाखला पासपोर्टसाठी निरुपयोगी. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, पण तुम्हाला घाई असेल तर रुग्णालयाचा फॉर्म भरतानाच नाव ठरलेलं हवं.

आणि ते नाव नेमकं कसं लिहायचं हेही. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. वडील मार्क मिलर आणि आई स्नेहा असेल तर ‘आर्या स्नेहा मार्क मिलर’ असं पूर्ण नाव तयार होऊ शकतं. अमेरिकन अर्जात तुम्ही नुसतं ‘आर्या मिलर’ लिहिलंत, तर दोन बाजूंचे कागद कायमचे वेगळे झाले. कुठलंही एक रूप निवडा, पण पहिल्या दाखल्यापासून तेच ठेवा. फॉर्म भरणाऱ्या कर्मचाऱ्याला दोघांच्या पासपोर्टची प्रत द्या, स्पेलिंग तोंडी सांगू नका. दाखला छापण्याआधी इंग्रजी आणि मराठी दोन्ही रकाने स्वतः वाचा. परदेशी आडनावाची मराठीतून पुन्हा इंग्रजीत येताना जी गत होते, ती दुरुस्त करायला महिने जातात. जर्मन जोडीदार असेल आणि दोघांची आडनावं वेगळी असतील, तर पासपोर्टच्या आधी नावाच्या घोषणेची स्वतंत्र पायरी लागू शकते, हे आधीच वकिलातीत विचारून घ्या.

अमेरिकेत जन्म झाला असेल तर जन्मदाखला मोठा, म्हणजे आई-वडिलांची नावं असलेला घ्या. छोट्या दाखल्यावर ती नसतात आणि भारतीय बाजूला तीच हवी असतात. दोन-तीन प्रमाणित प्रती एकदमच मागवा. भारतीय कामासाठी अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन) लागलं तर ते जन्म झाला त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून घ्यायचं, दुसऱ्या राज्याचं चालत नाही. उलट दिशेने, भारतीय दाखल्यावर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. जर्मनीसाठी मात्र भारतीय अपोस्टिलवर पैसे घालवू नका. भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतला असल्याने तिथे ते ग्राह्य धरत नाहीत, कागदपत्रांची पडताळणी वेगळ्या पद्धतीने होते.

भारतीय पासपोर्टसाठी दोन्ही पालकांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी हे घोषणापत्र लागतं. परदेशी पालकाचा भारतीय पासपोर्ट नसल्यामुळे पोलीस पडताळणी लागेल असं गृहीत धरून चाला. लहान मुलांचं शुल्क १,००० रुपये, ८ वर्षांखाली १० टक्के सूट. ४ वर्षांखालच्या मुलाचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रात काढत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो सोबत न्यायचा. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआयला चौकोनी, ५१ बाय ५१ मिलिमीटर. बाळाला खिडकीजवळ पांढऱ्या, इस्त्री केलेल्या चादरीवर उताणं झोपवा आणि सरळ वरून फोटो काढा. फ्लॅश नको, दुपट्याची घडी कानावर नको, मान धरणारा हात फ्रेममध्ये नको. काजळ आणि गालावरची तीट त्या दिवशी लावू नका.

ओसीआय आणि पुढचं

एक पालक भारतीय नागरिक असलेलं परदेशी पासपोर्टधारक अल्पवयीन मूल ओसीआयला पात्र असतं. आई-वडील, आजोबा-आजी किंवा पणजोबा-पणजी अशा कुणी कधी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर नाही. अर्जाला बाळाचा पासपोर्ट, जन्मदाखला, आईचा भारतीय पासपोर्ट, विवाह दाखला आणि दोघांची संमती लागते. अमेरिकेतून शुल्क २७५ डॉलर, भारतातून १५,००० रुपये, सेवा शुल्क वेगळं. बाळ सही करू शकत नाही म्हणून अंगठ्याचा ठसा द्यायचा. शाईचा पातळ थर आणि झोपलेलं बाळ, म्हणजे ठसा पहिल्याच कागदावर नीट उमटतो. कार्ड यायला काही आठवडे तरी जातात, तोवर प्रवास असेल तर भारताचा प्रवेश व्हिसा वेगळा काढा. पालकाचा व्हिसा बाळाला चालत नाही.

ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतात वाढणाऱ्या मुलाच्या पालकांना सर्वांत जड जाते ती शिक्षणाची बाजू: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलं नीट, जेईई अशा प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी धरली जातात, केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांसाठी नाहीत. मूल दहावी-बारावी इथेच करणार असेल तर भारतीय पासपोर्ट आणि कपाटात सीआरबीए या रचनेचं मोल इथे कळतं. अमेरिकन नागरिकत्वाबरोबर करविवरणाचं लोढणंही येतं. आजोबांनी नातवंडाच्या नावे भारतीय म्युच्युअल फंड सुरू करण्याआधी अमेरिकन कर जाणणाऱ्या सल्लागाराला विचारा, कारण त्या फंडांवर तिकडे वेगळे आणि किचकट नियम लागतात.

ओसीआय घेतलं तर वीस वर्षांचं होईपर्यंत दर नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो तीन महिन्यांच्या आत संकेतस्थळावर चढवायचा, त्याला शुल्क नाही. वीस पूर्ण झाल्यावर निघालेल्या पहिल्या पासपोर्टनंतर कार्ड एकदा नव्याने घ्यायचं. कलम ४ नुसार वकिलातीत नोंदलेल्या मुलाने १८ पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. अमेरिकन नागरिकत्व सोडायला वकिलातीत भेटीची वेळ मिळवावी लागते, शुल्क भरावं लागतं आणि ती प्रक्रिया सहा महिन्यांच्या आत सहज उरकेल असं धरून चालता येत नाही, म्हणून हालचाल सतराव्या वर्षीच सुरू करा.